पॉइंट दोन

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, रात्रपाळीला,
खाडीवरचा वारा पत्र्याच्या फटीतून आत येतो
आणि नायलॉनच्या उघड्या गोणीशी बसतो.
हा दाणा जन्माचा तहानलेला.
दिसायला कोरडा ठणठणीत, कणीएवढा, पांढरा,
पण हवेतली ओल पीत राहतो, मुकाट.

म्हणून ड्रायर. ऐंशी अंश, चार तास.
पॉइंट दोन टक्क्यांच्या वर ओल उरली
तर बॅरलमध्ये तिची वाफ होते
आणि मालावर रुपेरी रेघा फाकतात,
ओहोटीनंतर पुळणीवर उरतात तशा.
रेघा दिसल्या तर बरं.
कधी ओल काहीच न दाखवता आतली वीण उसवते.

आज रेघा नव्हत्या.
तीन नंबरवर बुश चालले होते,
ट्रॉलरच्या विंचसाठी, जाळं ओढायच्या कप्पीत बसणारे.
चौदा पॉइंट दोन ग्रॅम, शॉट पुरता भरलेला,
कडेला फ्लॅश नाही, पाठीला खळगा नाही.
व्हर्निअरला नाव ठेवायला जागा नव्हती.

मला खटकला तक्ता.
अकराला ऐंशी. बाराला ऐंशी. एकला ऐंशी.
एकच पेन, एकच कल,
सगळ्या शून्यांची पोटं सारखी.
खरा ड्रायर असा वागत नाही,
एकोणऐंशी होतो, ब्याऐंशी होतो,
झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा वरखाली.

मंथन झोरे, वय एकोणीस, बुटांकडे बघत म्हणाला,
"साडेबाराला लाइट गेली होती, मॅडम.
मशीन जनरेटरवर घेतलं. ड्रायर राहिला.
साडेतीनला लक्षात आलं."

खलिफेभाईंनी एक बुश ट्यूबखाली धरून फिरवला.
"चकचकीत तर आहे. सहाला टेम्पो आहे मिरकरवाड्याचा."

काळबादेवीला आई वाकट्या सुकवायची.
तिसऱ्या दिवशी आम्ही गोळा करायला धावलो
की एक उचलून कानाशी मोडायची.
"वरना सुकली म्हंजे आतना सुकली असा नाय गो,"
आणि सगळ्या परत पसरायला लावायची, उन्हाच्या कडाक्यात.
तिचा राग यायचा. अजून थोडा येतो.

मी लाल कार्ड लावलं. एक हजार ऐंशी नग.
आकडा बघून मंथन ओशाळं हसला.

मग पाच बुश घेतले लाइट जाण्याआधीचे, पाच नंतरचे,
आणि घणाखाली ठेवले.
सगळे फुटले. दहाच्या दहा.
"झालं?" खलिफेभाई म्हणाले. "आता आधीचेही अडवा."

खरं तर घाई माझीच.
साच्यातून नुकतं निघालेलं नायलॉन काचेसारखं असतं,
पाणी प्यायल्याशिवाय त्याला चिवटपणा येत नाही.
पातेलं चढवलं. दोन्हीकडचे नवे पाच-पाच,
एका बाजूच्यांना लाल दोरा बांधून, उकळत्या पाण्यात, दोन तास.
कँटीनचा गॅस, चहा बंद, शिव्या मला.

"म्हणजे आधी सुकवायचं," मंथन म्हणाला,
"आणि मग भिजवायचं?"
हो.
"मग मधे एवढं कशाला?"
मला नीट सांगता आलं नाही.
वितळताना कोरडं लागतं, एवढंच म्हणाले,
पुढचं पाणी त्याचं त्याला पचतं.

सव्वासहाला घण पुन्हा पडला.
बिनदोऱ्याचे पाचही टणकन उडाले,
एक थेट खलिफेभाईंच्या नडगीवर.
लाल दोऱ्याचे चार फुटले. पाचवा टिकला.
त्या पाचव्याकडे आम्ही तिघं बराच वेळ बघत राहिलो.
तोच एकटा हाती आला असता तर?

टेम्पो अर्धा भरून गेला, उशिरा.
खलिफेभाईंनी सही केली, न बोलता,
आणि नडगी चोळत हजेरीकडे वळले.

मंथनने नवा तक्ता लावला.
लिहिलं: एकोणऐंशी.
मग वाकून, डायलशी डोळा नेऊन, पुन्हा बघितलं,
खोडलं,
आणि लिहिलं: अठ्ठ्याहत्तर.